ग्रासमियरला पहिल्यांदा जाताय? मग निघण्याआधी हे वाचा

यूकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा लेक डिस्ट्रिक्टचा (इंग्लंडच्या वायव्येचा डोंगर-तळ्यांचा भाग, ग्रासमियर त्यातलंच एक गाव) प्लॅन बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. शनिवारी पहाटे गाडी काढायची, बोनेसला बोटीत बसायचं, मग अँबलसाइड, मग केझिक, जमलंच तर अल्सवॉटर, आणि रात्री बारापर्यंत घरी. महाबळेश्वरला पॉइंट करतो ना, तसंच इथे लेक "करायचे". पण इथले रस्ते अरुंद आहेत, सीझनमधे पार्किंगला जागा मिळत नाही, त्यामुळे निम्मा दिवस गाडीतच जातो आणि तळं दिसतं ते काचेतून. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, एकच गाव धरा, तिथे दोन रात्री राहा आणि बाकी सगळं पायी फिरा. पहिल्या वेळेसाठी मी ग्रासमियर सुचवतो कारण गाव लहान आहे, तळं गावापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, चारी बाजूंनी डोंगर आहेत आणि गाडी नसली तरी काही अडत नाही.

आधी कधी जायचं ते ठरवा

मे आणि जून सगळ्यात छान. दिवस प्रचंड मोठा असतो, जूनमधे पावणेदहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे दुपारी पाऊस झाला तरी संध्याकाळी पूर्ण फिरणं होतं. एप्रिल-मेमधे मेंढ्यांची पिल्लं असतात. इथली खास जात हर्डविक, तिची पिल्लं जवळजवळ काळीकुट्ट जन्मतात आणि मोठी होता होता राखाडी होत जातात, तोंड मात्र पांढरं. कुंपणाशी शांत उभं राहिलात तर अगदी जवळून बघायला मिळतात. मेंढ्यांच्या अंगावर लाल-निळ्या रंगाचे पट्टे दिसतील, कुठली मेंढी कोणाची ते ओळखायची ती खूण आहे, कारण डोंगरावर बऱ्याच ठिकाणी मधे कुंपणच नसतं.

ऑगस्टमधे शाळांना सुट्टी असते, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही वाढलेले. मे महिन्यातले दोन्ही बँक हॉलिडे वीकेंड आणि ऑगस्टअखेरचा वीकेंड शक्यतो टाळाच. ऑगस्टअखेरच्या गर्दीत जायला माझ्या मते एकच चांगलं कारण आहे, ते म्हणजे ग्रासमियरचा स्पोर्ट्स आणि शो. तिथे डोंगरावर पळत जाऊन परत खाली येण्याच्या शर्यती असतात आणि कुस्त्या असतात, हो, कुस्त्या! कंबरलँड-वेस्टमोरलँड पद्धतीची कुस्ती. दोघं छातीला छाती भिडवून उभे राहतात, हनुवटी समोरच्याच्या उजव्या खांद्यावर, दोन्ही हात त्याच्या पाठीमागे घट्ट अडकवलेले. ज्याची पकड आधी सुटली किंवा पायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला तो हरला, चीतपट व्हायची गरजच नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने तर हे एकदा बघायलाच हवं.

ऑक्टोबरचा शेवटही सुंदर असतो, डोंगर अक्षरशः तांब्याच्या रंगाचे होतात. डिसेंबरमधे मात्र चारच्या आधीच अंधारतं, पहिल्या ट्रिपसाठी ते दिवस नकोत.

मग पोचायचं कसं

ट्रेनने जाणार असाल तर लंडन यूस्टनहून ऑक्झनहोम, साधारण पावणेतीन तास, आणि तिथे गाडी बदलून छोट्या लाइनने विंडरमियर, वीसेक मिनिटं. मँचेस्टरवाल्यांना हे बरंच जवळ पडतं, काही गाड्या थेट विंडरमियरपर्यंत येतात. तिकीट आधी काढलं तर खूप फरक पडतो आणि दोघं नेहमी एकत्र फिरत असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घेऊन टाका, एक तृतीयांश सूट मिळते, लांबच्या दोन-तीन प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल होतात. ही विंडरमियरची लाइन १८४७ मधे सुरू झाली आणि ती होऊ नये म्हणून इथे राहणाऱ्या वर्डस्वर्थ या इंग्रज कवीने १८४४ मधे वर्तमानपत्राला पत्रं लिहून विरोध केला होता, इतकी माणसं एकदम आली तर इथली शांतता जाईल ही त्याची भीती. ऑगस्टमधलं बोनेस बघितलं की त्याचा मुद्दा पटतो.

विंडरमियर स्टेशनच्या बाहेरच बसस्टॉप आहे. ५५५ नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमियर करत पुढे केझिकला जाते, आणि सीझनमधे ५९९ ही वरून उघडी डबलडेकर ग्रासमियरपर्यंत येते. कार्ड टॅप करून तिकीट मिळतं. जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधल्या बऱ्याच बसचं एकेरी तिकीट जास्तीत जास्त ३ पौंड केलंय, पण डे तिकीट स्वस्त पडतं का हेही एकदा बघा, दिवसात तीन-चार वेळा चढउतार करणार असाल तर बहुतेक पडतंच. आणि एक गोष्ट आवर्जून करा, जाताना वरच्या मजल्यावर डाव्या बाजूला बसा. विंडरमियर, मग रायडल वॉटर, मग ग्रासमियर, तिन्ही तळी डावीकडेच लागतात. येताना अर्थातच उजवीकडे.

गाडीच आणायची असेल तर भारतीय लायसन्सवर आल्यापासून बारा महिने चालवता येते. ग्रासमियरला येणारा ए५९१ रस्ता चांगला आहे, काही अडचण नाही. पण सॅटनॅव जवळचा रस्ता म्हणून रायनोज पास आणि हार्डनॉट पास दाखवायला लागलं तर अजिबात ऐकू नका. तिथे तीनास एक असा चढ आहे, रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कोणी आलं की कोणालातरी रिव्हर्स घ्यावा लागतो, नवीन माणसाचं ते काम नाही. गावातल्या कार पार्कमधे सकाळी साडेनऊच्या आत पोचा, आणि पेमेंटचं ॲप आधीच डाउनलोड करून ठेवा कारण तिथे उभं राहून डाउनलोड करायला नेटवर्क मिळेलच असं नाही.

राहणं आणि जेवण

गावात हॉटेलं आहेत, बी अँड बी आहेत, पण आपल्या लोकांना मी वायएचए (यूथ हॉस्टेल असोसिएशन) हॉस्टेल सुचवेन. फॅमिली रूम मिळते आणि मुख्य म्हणजे स्वतः रांधायला किचन असतं. पाच वर्षांचं पोर सोबत असलं किंवा आईबाबा भारतातून आलेले असले की दिवसभर चालून आल्यावर गरम खिचडी किती कामाला येते हे वेगळं सांगायला नको. तांदूळ, डाळ, फोडणीचं साहित्य घरून न्या, दूध-ब्रेड-भाज्या गावातल्या को-ऑप नावाच्या दुकानात मिळतात. तंबू टाकून कुठेही झोपायचा विचार असेल तर तो सोडा, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय इथे कायद्याने तसं करता येत नाही, रीतसर कॅम्पसाइट बुक करा.

पबमधे जेवायचं तर वेळ सांभाळावी लागते. दुपारचं किचन अनेक ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं आणि रात्रीचं आठ-साडेआठला. आपण नऊला "चला आता जेवूया" म्हणत गेलो तर फक्त बिअर आणि चिप्सची पाकिटं उरलेली असतात. टेबल पकडायचं, टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर आणि पैसे, ही बहुतेक ठिकाणची पद्धत. साधं पाणी मागितलं की फुकट मिळतं.

शाकाहारी असाल तर मेनूवर व्ही लिहिलेलं बघा, सूप, बेक केलेला बटाटा आणि वर चीज किंवा बीन्स, चीज-कांद्याचा पाई, एवढं तरी सापडतंच. पण चिप्स मागवताना न विसरता विचारा की तेलात तळलेत की बीफ ड्रिपिंगमधे. इंग्लंडच्या उत्तरेकडे फिश अँड चिप्सच्या अनेक दुकानांत अजून गाईच्या चरबीत तळतात आणि ते पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही. विचारलं तर खरं सांगतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पबमधे कुत्री असतात, मालकाच्या पायाशी बसलेली, कधीकधी बरीच मोठी. सहसा काही करत नाहीत, पण घरातली मोठी माणसं किंवा मुलं घाबरत असतील तर आधी सांगून ठेवा आणि कोपऱ्यातलं टेबल घ्या.

काय घालायचं

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण इथल्या पावसाचा अंदाज आपला हमखास चुकतो. आपला पाऊस चार महिने धो धो पडतो आणि मग विषय संपतो, इथे बारा महिने कधीही येतो. जवळच बॉरोडेलमधे सीथवेट म्हणून वस्ती आहे, तिथे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस होतो, इंग्लंडमधल्या सगळ्यात ओल्या वस्त्यांपैकी ती एक. ५ डिसेंबर २०१५ ला डेस्मंड वादळात तिथून जवळच होनिस्टरला २४ तासांत ३४१.४ मिमी पडला, तो यूकेचा रेकॉर्ड आहे. म्हणून टोपी असलेलं चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट पाहिजेच. छत्री वाऱ्यात टिकत नाही. जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पाय गार पडतात. आत पातळ कपडे दोन-तीन थरांत घाला म्हणजे काढता-घालता येतात. बूट घोट्याच्या वर येणारे, तळाला पकड असलेले. ओल्या स्लेटच्या दगडावर साधे स्पोर्ट्स शूज घसरतात, मग तुम्ही सह्याद्रीत कितीही गड चढलेले असा.

चालायला सुरुवात, पहिल्या दिवसाचा रूट

हे मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतोय, बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण हे करा. ग्रासमियर आणि रायडल वॉटर या दोन्ही तळ्यांना फेरी मारणारा साधारण ९-१० किमीचा रूट आहे, रमतगमत, डबा खात चार-पाच तास.

गावातून रेड बँक रोड पकडा. थोडं पुढे होडीची जागा लागते, वल्ह्याच्या होड्या भाड्याने मिळतात. तिथून पुढे रस्ता सोडून पायवाटेने तळ्याकाठी उतरा. समोर तळ्याच्या मधोमध एक बेट दिसेल. हे बेट १८९३ मधे खासगी माणसाला विकलं गेलं, त्यामुळे कॅनन रॉन्स्ली हा इथला पाद्री फार अस्वस्थ झाला, अशा जागा सगळ्यांच्या राहायला हव्यात असं त्याचं म्हणणं, आणि १८९५ मधे ज्या तिघांनी नॅशनल ट्रस्ट (अशा जागा सगळ्यांसाठी जपणारी संस्था) उभा केला त्यातला तो एक. ते बेट शेवटी २०१७ मधे ट्रस्टकडेच आलं, त्याच वर्षी अख्ख्या लेक डिस्ट्रिक्टला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला.

तळ्याच्या दक्षिण टोकाला गोट्यांचा किनारा आहे. डबा खायचा तर इथे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसा, बदकं लगेच येतात. त्यांना ब्रेड किंवा आपलं खाणं घालू नका. पाणी बघून उतरावंसं वाटेल पण जूनमधेसुद्धा ते इतकं थंड असतं की एकदम उडी मारली तर श्वास अडकतो, चांगल्या पोहणाऱ्यांचाही. लाइफगार्ड नसतो. पाय बुडवा, पुरे. आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट थर किंवा फेस दिसला तर मुलांना लांब ठेवा, त्या शेवाळामुळे त्रास होऊ शकतो.

इथून वर चढलं की लॉफरिग टेरेस. नाव टेरेस असलं तरी ती डोंगराच्या कुशीतली सपाट पायवाट आहे, आणि तिथून खाली पूर्ण तळं, त्यामागे गाव, त्यामागे डोंगरांच्या रांगा असं एकाच नजरेत दिसतं. बाकं आहेत, बसा. घाईने फोटो काढून पुढे जायची ही जागा नाही.

त्याच वाटेने पुढे रायडलची गुहा येते. ती नैसर्गिक नाही, स्लेट काढून काढून झालेली जुनी खाण आहे. आत पाणी साचलेलं आहे, त्यातून दगडांवर पाय देत आत जाता येतं, पाण्यात बारके मासे दिसतात. छतातून कधीकधी दगड सुटतात त्यामुळे बाहेर पाटी असेल तर ती वाचा आणि उगाच फार आत रेंगाळू नका. मग खाली रायडल वॉटरच्या काठाने रायडल गावात. इथे मोठा रस्ता जपून ओलांडायचा, गाड्या जोरात येतात. वर चढावर रायडल माउंट, वर्डस्वर्थ १८१३ पासून १८५० ला मरेपर्यंत इथे राहिला. शेजारी रायडल हॉलमधे चहा मिळतो, घोटभर घ्या कारण अजून बरंच अंतर बाकी आहे.

रायडल माउंटच्या मागून जी वाट परत ग्रासमियरला जाते तिला कॉफिन रूट म्हणतात. पूर्वी अँबलसाइड-रायडलकडे प्रेत पुरायला जागा नव्हती, तेव्हा शवपेटी खांद्यावर घेऊन याच वाटेने ग्रासमियरच्या चर्चपर्यंत आणायचे. वाटेत एके ठिकाणी मोठा सपाट दगड आहे, पेटी त्यावर टेकवून खांदेकरी दम खायचे. आपल्याकडे वाटेत खांदा बदलतात, विसावा देतात, ते माहीत असलेल्या माणसाला त्या दगडापाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. वाट तशी सोपी आहे, झाडीतून, दगडी गडग्यांच्या कडेने, आणि संपते ती थेट डव्ह कॉटेज या वर्डस्वर्थच्या जुन्या घराजवळ.

आईबाबांना एवढं झेपणार नसेल तर पूर्ण रूटचा हट्ट नको. नॅशनल पार्कने माइल्स विदाउट स्टाइल्स नावाने वेगळे रूट आखलेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी जाईल असे, त्यांच्या साइटवर यादी आहे.

गावात काय बघायचं

डव्ह कॉटेजमधे वर्डस्वर्थ १७९९ ते १८०८ राहिला. त्याआधी ती खानावळ-दारूचा गुत्ता होती. खोल्या बुटक्या, अंधाऱ्या, आणि त्यातच बहीण डोरोथी, बायको, मुलं, पाहुणे सगळे. शाळेत शिकलेली डॅफोडिलची कविता त्याने इथेच लिहिली, पण ती फुलं ग्रासमियरची नाहीत बरं का, ती त्याला आणि डोरोथीला १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटरच्या काठी दिसली होती. आणि डोरोथीने रोजनिशीत त्या फुलांचं वर्णन केलं होतं ते कविता लिहायच्या आधीच. म्हणून तिथे गेलात तर डोरोथीच्या वह्यांबद्दल जे लावलंय ते जरा वेळ देऊन बघा, माणसं नुसती भावाचं टेबल बघून निघतात.

सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात या कुटुंबाच्या कबरी आहेत, साधे दगड, कसलाही थाट नाही. चर्चच्या कोपऱ्यालाच जिंजरब्रेडचं दुकान, सारा नेल्सन नावाच्या बाईने १८५४ मधे सुरू केलेलं. इमारत म्हणजे गावची जुनी शाळा, इतकी लहान की दोन-तीन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की भरली, बाकी रांग बाहेर. वास मात्र चर्चच्या फाटकापर्यंत येतो. वस्तू बिस्किटासारखी पण चावायला मऊ, वर आल्याच्या स्वादाचा भुगा, सुंठेच्या वड्या आवडत असतील तर आवडणारच. अंडं वगैरे चालत नसेल तर दुकानात विचारून घ्या. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते.

दिवसभर पाऊस लागला तर ॲलन बँक. नॅशनल ट्रस्टचं घर आहे, २०११ मधे आग लागली होती, त्यानंतर ते मुद्दाम सजवलं नाही, भिंती तशाच ठेवल्या, आणि लोकांनी आत येऊन खिडकीत बसावं, वाचावं, चित्रं काढावी असं ठेवलंय. "हात लावू नये" नाही. नशिबात असेल तर झाडावर लाल खार दिसते, इंग्लंडमधे ती आता फार कमी उरली आहे.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा असेल तर

हेल्म क्रॅग घ्या, ४०५ मीटर, गावातूनच चढायला सुरुवात. उंची ऐकून हसू नका, वर ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. निघायच्या आधी मेट ऑफिसचा (इथलं हवामान खातं) डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज बघा, नकाशा ऑफलाइन ठेवा, जमल्यास ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशाही न्या. जोरात वारा असेल तर चढू नका, त्यापेक्षा ईझडेल टार्नपर्यंत जा, डोंगरातलं छोटं तळं आहे, वाटेत धबधबा लागतो. काही झालं तर ९९९ लावायचा, पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. ही सगळी स्वयंसेवक मंडळी आहेत, पैसे घेत नाहीत, रात्री-अपरात्री येतात, म्हणून तर आपण जपून वागायचं. ब्रॅकन नावाच्या नेच्याच्या झुडपातून चालून आलात की रात्री पाय, गुडघ्यामागे नीट तपासा, गोचीड चिकटते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

पायवाटा बऱ्याचदा शेतकऱ्यांच्या जमिनीतून जातात. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गडग्यावर चढायचं नाही, ते नुसते दगडावर दगड रचलेत, सिमेंट नाही, एक निघाला की ढासळतात आणि परत रचायला माणसाचा दिवस जातो. समोरून येणारा प्रत्येक जण "मॉर्निंग" किंवा "हाय" म्हणेल, आपणही म्हणायचं. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ड्रोनही, नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही. कचरा पिशवीत घालून परत न्यायचा, संत्र्याच्या सालीसुद्धा.

परतीचं मात्र नीट बघून ठेवा. रविवारी बस कमी असतात, विंडरमियरहून संध्याकाळच्या गाड्याही मोजक्या, आणि एक चुकली की ऑक्झनहोमची पुढची गाडीही हातची जाते. ॲडव्हान्स तिकीट असेल तर ते त्याच गाडीला चालतं, म्हणून ग्रासमियरहून तुम्हाला पुरेशी वाटते त्याच्या आधीची एक बस पकडा. वेळ उरलाच तर विंडरमियर स्टेशनला लागूनच सुपरमार्केट आहे, ट्रेनमधलं जेवण तिथूनच घेऊन ठेवा.